नखांच्या विकारांची जुनी-नवी कथा



इतिहास म्हटला म्हणजे राजे, लढाया आणि तह हेंच आपल्या डोळ्यांपुढें येतें. मनुष्याच्या शरीराचाहि इतिहास असतो. पण तेथेंहि मान मिळतो तो हृदय, मेंदू, डोळे असल्या थोर अवयवांना. नखासारख्या क्षुद्र वस्तूकडे सहसा कोणी वळत नाहीं. आपल्या आयुर्वेदानेंहि नखांच्या विकारांची गणना 'क्षुद्ररोगां'तच केलेली आहे. ज्याचें बोट रात्रभर नखुरड्यानें ठणकलें असेल, त्याला मात्र हें विशेषण फारसें पटणार नाहीं. आणि जुन्या काळीं तर ह्या क्षुद्र विकारावरून मनुष्याची पंक्तींतली जागासुद्धां ठरत असे. आजच्या भाषणांत त्या कथेपासूनच आरंभ करतों.

संस्कृतांत 'कुनखी' असा एक शब्द आहे. ज्याचें नख काळें, खडबडीत, विद्रूप झालें आहे तो कुनखी. हा शब्द फार जुना. तो अथर्ववेदाच्या सातव्या कांडांत आढळतो. तेथें अपामार्गाला, म्हणजे आपल्या ओळखीच्या आघाड्याला, उद्देशून प्रार्थना आहे. काळ्या दातांच्या, कुनखी किंवा व्यंग असलेल्या मनुष्याशीं आमचा संबंध आला असल्यास तो दोष तूं पुसून टाक, असा तिचा भावार्थ आहे. म्हणजे येथें औषधी वनस्पति आहे, पण ती कुनखी मनुष्याच्या बोटाला लावण्यासाठीं नव्हे. त्याच्या संसर्गाचा विटाळ घालविण्यासाठीं आहे.

मनुस्मृतींत ह्याच कल्पनेला शास्त्राचें रूप आलें. तिच्या तिसऱ्या अध्यायांत श्राद्धाला कोणास बोलावूं नये ह्याची लांबलचक यादी आहे. तींत चोर आहेत, पतित आहेत, आणि त्यांच्याच बरोबरीनें क्षयरोगी, कुनखी व काळ्या दातांचा मनुष्य हेहि आहेत. मौज अशी कीं, त्याच यादींत वैद्याचेंहि नांव आहे! रोगीहि पंक्तीबाहेर आणि त्याला बरा करणाराहि पंक्तीबाहेर. पुढें अकराव्या अध्यायांत ह्याचें कारण दिलें आहे. ज्यानें पूर्वजन्मीं सोनें चोरलें त्याला ह्या जन्मीं कुनख होतें, सुरापान करणाऱ्याचे दांत काळे पडतात, आणि ब्रह्महत्या करणारा क्षयरोगी होतो, असा हा हिशेब आहे. आतां विचार करा. नख ठेचतें कोणाचें? दगड फोडणाऱ्याचें, नांगर धरणाऱ्याचें, अनवाणी चालणाऱ्याचें. ज्याला गुंजभर सोनें कधीं पाहावयास मिळालें नाहीं, त्याच्या बोटावर सुवर्णचोरीचा शिक्का बसत असे, ही गोष्ट मला तरी न्यायाची वाटत नाहीं.

ह्या पार्श्वभूमीवर सुश्रुतसंहिता उघडली म्हणजे खिडकी उघडल्यासारखें वाटतें. निदानस्थानाच्या तेराव्या अध्यायांत क्षुद्ररोगांचें वर्णन आहे व त्यांत नखाचे दोन विकार सांगितले आहेत. पहिला 'चिप्प'. वात व पित्त हे नखाच्या मांसांत शिरून तेथें दाह आणि पाक उत्पन्न करतात, असें त्याचें लक्षण दिलें आहे. हेंच आपलें नखुरडें. दुसरा 'कुनख', आणि त्याचें कारण सुश्रुत देतो तें अभिघात, म्हणजे मार लागणें. मार लागून दुष्ट झालेलें नख रूक्ष, काळें व खरखरीत होतें, एवढेंच तो सांगतो. सोन्याच्या चोरीचा येथें उल्लेखहि नाहीं. धर्मशास्त्रानें ज्या बोटाला पापाची खूण मानली, त्याच बोटाकडे शल्यवैद्यानें दुखापत म्हणून पाहिलें.

चिकित्सास्थानाच्या विसाव्या अध्यायांतील उपचारहि वाचण्यासारखा आहे. चिप्प झालें असतां तें बोट प्रथम गरम पाण्यानें शेकावें, मग दूषित भाग छेदून दुष्ट रक्त वाहूं द्यावें, तेल लावावें, राळेचें चूर्ण वर भुरभुरावें व बांधावें. इतक्यानें भागलें नाहीं तर अग्निकर्म, म्हणजे डाग द्यावा, आणि शेवटीं मधुर औषधांनीं सिद्ध केलेल्या तेलानें व्रण भरून आणावा. कुनखालाहि हाच विधि करावा, असें म्हटलें आहे. आजचा शस्त्रवैद्य राळ व चटका सोडून देईल. पण प्रथम गरम पाण्याचा शेक आणि पू झाला असल्यास त्याला वाट, हा क्रम त्यालाहि मान्य आहे. सुश्रुताच्या वीस शस्त्रांत एकाचें नांवच 'नखशस्त्र' आहे. आणि रोग्याच्या घरीं जाणाऱ्या वैद्यानें आपलीं नखें व केस बारीक ठेवावे, असा त्याचा दंडक आहे. चरकानें तर पंधरवड्यांतून तीन वेळां नखें काढावीं असें सांगितलें आहे. शाळेंत नखें तपासतांना हा आधार मला फार उपयोगी पडे. आठवड्यांतून एकदां म्हटलें कीं तक्रार करणारे विद्यार्थी चरकाचें नांव ऐकून गप्प बसत.

ग्रंथ पोथ्यांत राहिले आणि व्यवहार न्हाव्याच्या धोकटींत आला. धोकटींत वस्तऱ्याशेजारीं नराणी असे, व तिनें तो सर्व आळीचीं नखें काढी. हात मोठा सफाईचा असे. पण तीच नराणी ह्याच्या पायाची, मग त्याच्या हाताची, आणि मध्यें फारतर धोतराला पुसलेली. रोग पसरण्यास ह्याहून सोपा मार्ग शोधूनहि सांपडला नसता. घरगुती उपाय म्हणजे नखुरड्यावर लिंबू. लिंबाला भोंक पाडून त्यांत बोट खुपसून ठेवण्याचा हा उपाय अजूनहि कित्येक घरीं चालतो. लिंबानें पू आटतो ह्याला पुरावा नाहीं. पण बोट झांकलेलें व स्वस्थ राहतें, आणि पुष्कळशीं लहान नखुरडीं चारसहा दिवसांत आपोआपच फुटतात, म्हणून श्रेय लिंबाला मिळतें. आरंभींच दिवसांतून तीनचार वेळां कोमट पाण्यांत बोट बुडवून धरणें हा ह्याहून बरा उपाय. पू धरून बोट फुगलें, लाली वर चढूं लागली, किंवा रोग्यास मधुमेह असला, तर मात्र घरच्या घरीं थांबूं नये. एक सूचना येथें अवश्य दिली पाहिजे. बोटाच्या टोंकाला पाणी भरलेल्या बारीक फोडांचा पुंजका येतो व तें फार दुखतें. तो नागिणीच्या कुळांतील एका विषाणूचा विकार असतो. त्याला सुई टोंचूं नये. टोंचल्यानें तो पसरतो.

दुसरें एक नखुरडें असतें, तें ठणकत नाहीं, पण महिनोन्महिने जातहि नाहीं. धुणींभांडीं करणाऱ्या बाया, आचारी, हलवाई ह्यांच्या बोटांना तें होतें. सतत पाण्यांत हात राहून नखाच्या बुडाशीं असलेली चामडीची पातळ कड निघून जाते, आणि दाराची फट उघडी राहावी त्याप्रमाणें तेथून साबण, पाणी व बुरशी आंत शिरतात. ह्याला चिरा देऊन उपयोग नाहीं. हात कोरडे ठेवणें व सूज उतरविणारें मलम हा त्याचा उपचार. ज्या बाईचें पोटच भांडीं घासण्यावर चालतें तिला हात कोरडे ठेव असें सांगणें सोपें असतें. निदान रबरी हातमोजे आंतून सुती अस्तराचे असावे, एवढें तरी तिच्या मालकिणीनें पाहावें.

पश्चिमेकडे हाच इतिहास निराळ्या वाटेनें गेला. ग्रीक वैद्य हिपॉक्रेटीस ह्याच्या नांवें असलेल्या ग्रंथांत, छातींत पू झालेल्या रोग्याचीं नखें वांकतात अशी नोंद आहे. सातव्या शतकांतील एजिना बेटाचा पॉल व दहाव्या शतकांतील कॉर्डोव्हाचा अरबी शल्यवैद्य अल्-जहरावी ह्यांनीं रुतलेल्या नखाजवळचें मांस कापून डाग देण्याची रीत सांगितली.

रुतलेलें नख म्हणजे पायाच्या आंगठ्याच्या नखाची कड शेजारच्या मांसांत घुसणें. घट्ट जोडे आणि नखाचे कोपरे खोल गोल कापण्याची संवय हीं त्याचीं मुख्य कारणें. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं पॅरिसचा प्रख्यात शस्त्रवैद्य द्युपुइत्राँ ह्याची रीत अशी होती कीं, टोंकदार कात्रीचें एक पातें नखाखालीं बुडापर्यंत सारावयाचें, एका झटक्यांत नखाचे दोन भाग करावयाचे, आणि चिमट्यानें ते उपटून काढावयाचे. त्या वेळीं गुंगीचें औषध नव्हतें, हें लक्षांत घ्या. हें सर्व कांहीं क्षणांत उरके; पण ते क्षण रोगी जन्मभर विसरत नसे. इ. स. १८४६ मध्यें बोस्टन येथें ईथरची गुंगी देऊन शस्त्रक्रिया झाली, आणि १८८४ मध्यें कोकेननें डोळ्याचा भाग बधिर करतां येतो हें कार्ल कोलर ह्यानें व्हिएन्ना येथें दाखविलें. त्या शतकाच्या अखेरीस बोटाच्या बुडाशीं दोन्ही बाजूंच्या मज्जातंतूंजवळ औषध टोंचून तेवढें एकच बोट बधिर करण्याची युक्ति निघाली, व आजहि तीच वापरतात. तथापि उपटलेलें नख पुन्हां उगवे आणि पुन्हां रुते. १९४५ मध्यें ऑटो बॉल ह्यानें रुतणारी कड काढून तेथील नखमूळ फिनॉलनें जाळण्याची रीत प्रसिद्ध केली. ज्या फिनॉलनें लिस्टरनें १८६७ मध्यें जखमा जंतुरहित केल्या तेंच हें द्रव्य. आज ही क्रिया दवाखान्यांत थोड्या वेळांत होते व रोगी पायानें चालत घरीं जातो. विकार हलका असल्यास कडेखालीं कापसाची बारीक वात सारूनहि भागतें. नखाच्या मध्यभागीं खांच पाडली कीं कडा आपोआप वर येतात, असें पुष्कळ जण सांगतात. त्यांत तथ्य नाहीं, कारण नख वाढतें तें बुडापासून पुढें, कडांकडून मध्याकडे नव्हे. नख सरळ कापावें व कोपरे राहूं द्यावे, एवढेंच पुरे.

नख बुडापासून पुढें सरकत जातें, ह्या साध्या गोष्टींतून वैद्यकाला एक दैनंदिनीच सांपडली. पॅरिसच्या बो नांवाच्या वैद्यानें १८४६ मध्यें असें दाखविलें कीं, कडक तापासारख्या आजारांतून उठलेल्या माणसाच्या सर्व नखांवर एक आडवी खोलगट रेषा उमटते. आजारांत नखमुळाचें काम मंदावतें, तेवढा भाग पातळ होतो, आणि मग तो नखाबरोबर पुढें पुढें जातो. हाताचें नख महिन्याला सुमारें तीन मिलिमीटर वाढतें. तेव्हां रेषा बुडापासून सहा मिलिमीटर असली तर आजार दोन महिन्यांपूर्वींचा समजावा. २०२० नंतरच्या करोनाच्या साथींतून बरे झालेल्या कित्येकांच्या नखांवरहि अशा रेषा दिसल्या.

ह्या वाढीचें मोजमाप ज्या चिकाटीनें झालें तिला तोड नाहीं. अमेरिकेंतील विल्यम बीन नांवाच्या डॉक्टरानें १९४१ मध्यें आपल्या डाव्या आंगठ्याच्या नखावर बुडाशीं कानशीनें खूण केली, आणि ती टोंकापर्यंत केव्हां पोंचते हें पाहिलें. मग पुन्हां खूण. असें त्यानें पस्तीस वर्षें केलें! वयाच्या बत्तिसाव्या वर्षीं त्याचें नख दिवसाला ०.१२३ मिलिमीटर वाढत होतें. सदुसष्टाव्या वर्षीं तो वेग ०.०९५ वर आला. म्हातारपण नखांतहि येतें तें असें. एका हाताचीं नखें वाढवण्याचा विक्रम मात्र आपल्या पुण्याच्या नांवावर आहे. श्रीधर चिल्लाळ ह्यांनीं १९५२ पासून डाव्या हाताचीं नखें काढलींच नाहींत. त्या पांच नखांची एकूण लांबी ९०९.६ सेंटिमीटर भरली, व ११ जुलै २०१८ रोजीं न्यूयॉर्क येथें तीं कापण्यांत आलीं. तोंपर्यंत तो हात कायमचा निकामी झाला होता. शिक्षकाचें वाढवलेलें नख चुकून मोडल्यावर जीं बोलणीं खावीं लागलीं त्यांतून ही जिद्द उपजली, असें ते सांगत. मास्तरांनीं नखें वाढवूं नयेत ह्याला हें आणखी एक कारण!

दैनंदिनींत कधीं गुन्ह्याचीहि नोंद सांपडते. १९०० मध्यें मँचेस्टर भागांत बियर पिणाऱ्या हजारों लोकांचे हातपाय लुळे पडूं लागले. बियरसाठीं लागणाऱ्या साखरेच्या कारखान्यांत जें गंधकाम्ल वापरलें होतें त्यांत सोमल होता. रेनॉल्ड्स नांवाच्या डॉक्टरानें हें शोधून काढलें व अशा रोग्यांच्या नखांवर पांढरे आडवे पट्टे येतात हें १९०१ मध्यें नोंदविलें. १९१९ मध्यें मीस ह्या डच वैद्यानें त्यांचें पुन्हां वर्णन केलें आणि नांव त्याचें राहिलें. आज पश्चिम बंगालच्या कांहीं जिल्ह्यांत विहिरीनळांच्या पाण्यांत सोमल उतरतो, त्यामुळें ही खूण आपल्या देशांतहि अपरिचित नाहीं. मुलांच्या नखांवर जे बारीक पांढरे ठिपके दिसतात ते मात्र ह्यांतले नव्हेत, आणि आया म्हणतात तशी ती चुन्याची कमतरताहि नव्हे. नखमुळाला लागलेल्या बारीकसारीक ठोकरांच्या त्या खुणा, नखाबरोबर निघून जातात. नखें चमच्यासारखीं खोलगट झालीं असतां मात्र रक्तांतील लोह तपासून घ्यावें.

हिपॉक्रेटीसच्या वांकलेल्या नखांनाहि १९७६ मध्यें एक सोपी परीक्षा मिळाली. दक्षिण आफ्रिकेंतील हृदयरोगतज्ज्ञ लिओ शॅमरॉथ स्वतःच हृदयाच्या अंतःस्तराच्या रोगानें आजारी पडले असतां, आपलीं नखें दिवसेंदिवस कशीं फुगत आहेत हें ते पाहात राहिले. दोन्ही हातांचीं तींच बोटें नखाला नख लावून पाठमोरीं धरलीं, तर निरोगी माणसांत मध्यें शंकरपाळ्यासारखी लहान फट दिसते. नखें फुगलीं असतां ती नाहींशी होते. फट न दिसल्यास फुप्फुसें व हृदय ह्यांची तपासणी करवून घ्यावी.

एका कुनखाविषयीं मात्र गंभीरपणें बोललें पाहिजे. १८८६ मध्यें लंडनच्या जोनाथन हचिन्सन ह्यांनीं नखाखालीं होणाऱ्या काळ्या कर्करोगाचें वर्णन केलें. काळी रेघ नखाच्या बुडाशीं सुरू होऊन रुंदावत जाते, व काळिमा शेजारच्या कातडीवर उतरतो. दुखत नसल्यामुळें लोक तिला मार लागल्याची खूण समजतात. जमैकाचा विख्यात गायक बॉब मार्ले ह्याच्या पायाच्या आंगठ्याचा असाच विकार प्रथम चेंडूच्या खेळांतली दुखापत समजला गेला; १९७७ मध्यें रोग कळला, आणि ११ मे १९८१ रोजीं, वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं, तो वारला. सांवळ्या वर्णाच्या माणसांत अनेक नखांवर फिकट काळसर रेघा असणें स्वाभाविक आहे व त्या बहुधा निरुपद्रवी असतात. मार लागून साकळलेलें रक्तहि नखाबरोबर पुढें सरकतें व निघून जातें. पण एकाच नखावर प्रौढ वयांत नवी रेघ उठली व ती रुंदावत चालली, तर ती दाखविण्यांत एक आठवडाहि घालवूं नये.

राहतां राहिला सर्वांत मोठा विषय, बुरशीचा. १८५३ मध्यें जर्मन शास्त्रज्ञ माइस्नर ह्याला रोगट नखांत सूक्ष्मदर्शकाखालीं बुरशीचे तंतु दिसले. कुनखाच्या इतिहासांत हा दिवस मी फार मोठा मानतों. पूर्वजन्मींच्या चोरीची जागा येथें एका वनस्पतिवत् जीवानें घेतली. नखाला लागणाऱ्या बुरशींत आज जी जगभर अग्रेसर आहे तिचें वर्णन १९१० मध्यें कॅस्टेलानी ह्यानें केलें. आपल्याकडे पावसाळ्यांत पायांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. त्यांची हेळसांड केली कीं बुरशी तेथून नखांत शिरते, आणि बंद जोडे व घामट मोजे तिला ऊब देतात. नख पिवळें, जाड व ठिसूळ होतें, टोंकाकडून सुटत येतें.

शत्रु दिसला तरी शंभर वर्षें त्याच्यावर उपाय सांपडेना, कारण वरून लावलेलें औषध जाड नखाखालीं पोंचत नाहीं. लंडन येथें १९३९ मध्यें रेस्ट्रिक व त्यांचे सहकारी ह्यांनीं एका पेनिसिलियम जातीच्या बुरशींतून ग्रिसिओफल्विन नांवाचें द्रव्य वेगळें केलें. जवळजवळ वीस वर्षें त्याचा रोग्यांना उपयोग झाला नाहीं. १९५८ मध्यें जेंटल्स ह्यांनीं तें पोटांत देऊन गिनीपिगांची बुरशी बरी केली, व लवकरच तें मनुष्यांना मिळूं लागलें. तें नव्यानें उगवणाऱ्या नखांत मिसळतें, म्हणून स्वच्छ नख बुडाकडून पुढें येतें व रोगट भाग टोंकाकडे ढकलला जातो. पण हातांच्या नखांना सहा महिने आणि पायांच्या नखांना वर्षदीड वर्ष गोळ्या घ्याव्या लागत. १९९० नंतरच्या काळांत टर्बिनाफिन प्रचारांत आलें, तेव्हां ही मुदत हातांना सहा व पायांना बारा आठवड्यांवर आली. ज्यांना यकृताचा रोग आहे त्यांनीं ह्या गोळ्या घेऊं नयेत, व इतरांनींहि त्या घेण्यापूर्वीं रक्त तपासून घ्यावें.

इतकें झाल्यावर हा इतिहास सुखान्त व्हावयास हरकत नव्हती. परंतु गेल्या कांहीं वर्षांत आपल्या देशांत गजकर्णावर स्टिरॉइड, बुरशीनाशक व जंतुनाशक अशीं दोनतीन औषधें एकत्र मिसळलेलीं मलमें किराणा मालासारखीं विकलीं गेलीं. खाज तात्काळ थांबते, बुरशी मात्र मरत नाहीं. अशा वातावरणांत टर्बिनाफिनला न जुमानणारी एक जात बळावली. २०२० मध्यें शास्त्रज्ञांनीं तिला जें नांव दिलें त्यांतच 'इंडो' हें आपल्या देशाचें नांव गुंफलेलें आहे. ती आतां युरोप-अमेरिकेंतहि आढळली आहे. ती मुख्यतः कातडीला होते. पण औषध न जुमानण्याचा गुण तेथेंच थांबेल असें धरून चालतां येत नाहीं.

म्हणून नख जाड दिसतांच दुकानदाराकडून गोळ्या आणूं नयेत. विद्रूप नखांपैकीं सुमारें निम्म्यांतच बुरशी सांपडते. बाकीचीं सोरायसिसनें, जुन्या मारानें किंवा जोड्यांच्या घर्षणानें बिघडलेलीं असतात, व त्यांवर बुरशीचें औषध व्यर्थ आहे. परीक्षा सोपी आहे. नखाचा रोगट तुकडा व त्याखालचा भुगा पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्यें मऊ होऊं देतात व सूक्ष्मदर्शकाखालीं तंतु शोधतात. दुसरा भुगा पोषक द्रव्यावर वाढीस ठेवतात, त्याला तीनचार आठवडे लागतात. बुरशी ठरली तर बारा आठवड्यांच्या गोळ्या संपल्यावरहि पायाचें नख तसेंच पिवळें दिसेल. त्यानें घाबरून औषध पुन्हां सुरू करूं नये. बुडाशीं स्वच्छ नखाची पट्टी आली आहे कीं नाहीं तें पाहावें, आणि ती टोंकापर्यंत पोंचण्यास वर्ष-दीड वर्ष लागेल असा हिशेब धरावा.